शालनताईंचं पहिलं पान

शालनताई जगदाळे यांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे त्यानंतर कुणी दिले नाहीत. पहिला धक्का त्यांच्या आवाजाचा होता.

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आप्पांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आप्पांनी तिथं एक कॉम्प्युटर आणला आणि तो शिकवायला मला नेमलं. पहिल्या दिवशी मी जिना चढत होतो. वरून टाइपरायटरांचा खडखडाट येत होता आणि त्या खडखडाटाच्याही वर एका बाईचा आवाज होता.

"अंगठा! अंगठा कुटं गेला तुजा? मोकळी जागा काय कोपरानं सोडतोस व्हय रं?"

मराठी टायपिंग शिकवणाऱ्या जगदाळे मॅडम त्या ह्याच. उंच, रुंद हाडाच्या, चाळिशीच्या उंबऱ्यावरच्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला. कपाळावर बारीक काळी टिकली. नवरा वारून काही वर्षं झाली होती, टिकलीवरून कुणी नजर फिरवली की त्या म्हणत, "नवरा गेला, कपाळ न्हाई गेलं." माहेर वडूजचं. कोरडवाहू मुलखातल्या बाईला पाण्याची किंमत असते म्हणतात, ती मी त्यांच्यात पाहिली. पेल्यात पाणी उरवून उठणाऱ्या पोराला त्या सगळ्या वर्गासमोर ते संपवायला लावत. पर्समध्ये कायम भाजलेल्या शेंगा. स्वतः खात, समोरच्याला देत, आणि टरफलं कागदाच्या पुडीत परत पर्समध्ये.

बोलायच्या वडूजचं आणि टाइप करायच्या पुस्तकातलं. तोंडानं "न्हाई" म्हणताना बोटांनी "नाही" उमटवायच्या. एकदा मी त्यांना हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "आवं सर, तोंड माहेरचं हाय, बोटं सरकारी परीक्षेची."

त्यांचा स्वभाव मला कळला तो एका बापामुळं. मुलगा टायपिंगच्या परीक्षेत नापास झाला म्हणून हा गृहस्थ जिन्यातूनच ओरडत वर आला. क्लास बोगस आहे, बाई शिकवत नाही, पोराला मुद्दाम मागं ठेवलं, असं बरंच काही. शेवटी तर तो त्यांच्या घरादारावर घसरला. आप्पा कोपऱ्यात हात चोळत उभे. शालनताईंनी मात्र शांतपणे मशीनला कागद लावला आणि तो बोलेल तसं टाइप करायला लागल्या. तो थांबला की थांबायच्या, बोलला की पुन्हा बोटं चालू. दमून तो गप्प झाल्यावर त्यांनी कागद ओढून काढला आणि पुढं केला.

"वाचा, आन् खाली सही करा. तक्रार हाय न्हवं? रीतसर असूं द्या."

त्यानं वाचायला सुरुवात केली. आपल्याच तोंडातून निघालेले शब्द, काना-मात्रेसकट, काळ्या शाईत. अर्ध्यावर त्याचा चेहरा उतरला. घडी घालून त्यानं कागद खिशात टाकला आणि आला तसा निघून गेला.

"माणूस बोलतोय तवा त्याला ऐकू येत न्हाई," शालनताई म्हणाल्या. "वाचलं की ऐकू येतं."

कॉम्प्युटरची आप्पांना भीती वाटे. त्यावर पांढरा झालरीचा अभ्रा, खोलीबाहेर चपला. फोनची तार जोडून मी पहिल्यांदा इंटरनेट लावलं, तेव्हा मोडेमचं ते किंचाळणं ऐकून आप्पा म्हणाले, "बंद करा, काहीतरी जळालं." शालनताई मात्र खुर्ची ओढून शेजारी बसल्या. कुठल्या तरी परदेशी माणसानं आपल्या बागेविषयी लिहिलेलं एक पान हळूहळू उघडलं. आधी अक्षरं, मग पट्ट्या-पट्ट्यांनी खाली उतरणारा गुलाबाचा फोटो.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी निवृत्त माणूस दिसतो."

"मोठा असंल."

"नाही हो. साधा माणूस. घरी बसून लिहिलंय."

"आन् छापायची परवानगी कुणी दिली?"

"परवानगी लागत नाही. कुणीही लिहावं, कुणीही वाचावं."

त्यांनी तोंडात टाकायला घेतलेली शेंग हातातच राहिली. मग म्हणाल्या, "म्हंजी मलाबी?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या मोकळ्या वेळात त्या शिकायला बसू लागल्या. मलाच त्यातलं जेमतेम येत होतं. एका मासिकातून उतरवून घेतलेल्या खुणा आणि थोडा धीर, एवढंच माझं भांडवल. ठळक अक्षर हवं तर आधी खूण उघडायची, संपलं की खूण बंद करायची. बंद करायला विसरलं की पुढचं सगळं पान ठळक होऊन बसे. "डब्याचं झाकण हाय की हे," त्या म्हणाल्या. "उगडं टाकलं की मुंग्या." पहिल्या पानावर त्यांनी पिवळ्या रंगावर लाल अक्षरात 'नमस्कार' लिहिलं. ते पडद्यावर उमटलं तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवलं.

खरी अडचण पुढं होती. मराठी अक्षरं आमच्या कॉम्प्युटरवर नीट दिसत, कारण ती अक्षरं आमच्याकडं भरलेली होती. पुण्यातल्या माझ्या मित्राला मी ते पान ई-मेलनं पाठवून उघडायला सांगितलं तर फोनवर तो हसत सुटला. त्याला 'नमस्कार'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि टोप्या दिसत होत्या.

शालनताईंचा चेहरा पडला. "म्हंजी माझं बोलणं माझ्याच घरात मराठी. भायर गेलं की गचपण."

त्यावर तोडगा निघाला तो असा: मजकूर पडद्यावर टाइप करायचा, पडद्याचं चित्र काढायचं, आणि ते चित्र पानावर चिकटवायचं. अक्षरांचा फोटोच तो. फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी ठिकाणी नाव नोंदवलं. एकेक चित्र चढवायला इतका वेळ लागे की मधे कुणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात. तरी त्या चिडायच्या नाहीत. "वडूजला टँकरची वाट बघितलीया आमी," म्हणायच्या.

पानावर काय लिहिणार ते मात्र त्या सांगत नसत. मला वाटायचं, टायपिंगचे धडे असतील, नाहीतर शेंगांची आमटी. मधेच एखादा दिवस त्या रजा घेऊन साताऱ्याला जात. मावशी आजारी असते म्हणत. आल्या की दमलेल्या दिसत. पोलकं सैल झालं होतं, पण उंच माणूस वाळला तरी चटकन लक्षात येत नाही.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "सर, जरा शुद्धलेखन बघा. एकदा चित्र झालं की चूक काढता येत न्हाई."

मी वाकून वाचायला लागलो. माझा एक हात त्यांच्या शेंगांच्या पुडीत होता.

"माझे नाव शालन जगदाळे. मी सांगलीत राहते. मराठी टायपिंग शिकवते. मला एड्सचा विषाणू आहे. तो मला कसा झाला हे विचारू नका. ते कळून तुमचे काही अडलेले सुटणार नाही आणि माझेही नाही. विचारायचेच असेल तर जेवलीस का, झोप लागते का, दवाखान्यात सोबत कोण येते, हे विचारा. तुम्हालाही असेल आणि कुणाला सांगता येत नसेल, तर मला सांगा. मी घाबरणार नाही. माझे घाबरून झाले आहे."

पुडीतला माझा हात जागच्या जागी थिजला. त्या काळात हा शब्द आमच्याकडं भिंतीवरच्या सरकारी जाहिरातीत असायचा, कवटीच्या चित्राखाली. तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलाय, शेंगा खातोय, हे डोक्यात शिरेना. कानात नुसता टाइपरायटरांचा आवाज येत राहिला.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "शेंगांनी होत न्हाई."

मी शेंग घेतली. चव लागली नाही.

"ऱ्हस्व-दीर्घ बरोबर हाय का तेवढं सांगा."

"ताई," मी कसाबसा म्हणालो, "निदान नाव काढू या. नाव नको."

"नाव काढलं तर काय उरलं? कुणाचीतरी गोष्ट. कुणाच्यातरी गोष्टीला कोण उत्तर देतंय?" मग त्या पडद्याकडंच बघत बोलत राहिल्या. "साताऱ्याला दवाखान्यात बाकावर एक पोरगी बसायची शेजारी. तोंडावर पदर. लय दिवस बघत हुतो आमी एकमेकीला. एकदा तिनं हळूच इचारलं, तुमालाबी? मी म्हटलं, व्हय. मग तिनं गाव इचारलं. मी खोटंच सांगितलं. तिनंबी खोटंच सांगितलं असणार. मला वाटलं ती माझ्या गावात सांगंल, तिला वाटलं मी तिच्या. दोघी बाकाच्या दोन टोकाला सरकलो. पुढच्या खेपेला ती आलीच न्हाई. सिस्टरला इचारलं तर म्हणाली, ती गेली." त्यांनी एक शेंग फोडली, पण खाल्ली नाही. "बोलाय कुणी मिळालंच न्हाई वो तिला. मी हुते, आन् मी गाव चोरलं."

कसं झालं हे का लिहिलं नाही, ते मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. "घरात सासू हाय. तिला लेक एकच हुता. फोटूला रोज हार घालती. आता त्या फोटूवर मी काय लिवू?"

पान चढलं. आणि काहीच झालं नाही.

सांगलीत इंटरनेट होतं किती जणांकडं? पानाच्या तळाशी किती जणांनी भेट दिली ते दाखवणारा आकडा होता. तो आम्ही पान उघडलं की तेवढाच वाढे. शालनताई रोज बघत आणि म्हणत, "आज पुन्यांदा मीच आले हुते." भेट देणाऱ्यांनी चार शब्द लिहावेत म्हणून एक वही जोडली होती. ती कोरीच होती. मला मनातून बरं वाटत होतं. वाटलं, लिहून मोकळ्या झाल्या, प्रकरण इथंच मिटेल.

आमच्याच पेठेतला एक मुलगा अमेरिकेत नोकरीला होता. घरची आठवण आली म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर 'सांगली' शोधलं. पानाचं शीर्षक तेवढं इंग्रजी अक्षरात होतं आणि त्यात गावाचं नाव होतं, म्हणून त्याला हे पान सापडलं. त्यानं आईला फोन केला, "आपल्या बोळातल्या टायपिंगच्या बाई…" असं म्हणत. एका जिन्यावरची बातमी खालच्या बोळात पोचायला अमेरिकेला जाऊन आली.

त्यानंतर जे झालं ते इतकं झपाट्यानं झालं की माझा अजून विश्वास बसत नाही. चहावाल्यानं त्यांचा चहा वेगळ्या फुटक्या कपात आणला. त्या ज्या मशीनवर शिकवत ते कुणीतरी फिनेलनं पुसलं. त्याचा वास दिवसभर खोलीत राहिला. मुलींच्या आया खालूनच मुलींना हाका मारून परत नेऊ लागल्या. वर्षानुवर्षं ज्यांनी ह्या बाईच्या हातची शेंग खाल्ली होती, त्यांनी जिन्यात अंग चोरून वाट दिली. मी आ वासून बघत होतो.

शनिवारी दुपारी पालक वर आले. आप्पा सज्जन पण भित्रा माणूस. एक बाई म्हणाल्या, "आमच्या पोरी त्याच मशीनवर बोटं ठेवतात, आप्पा. तुम्ही काय ते ठरवा."

शालनताई शिकवता शिकवता थांबल्या. हात पुसले आणि सगळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आप्पांना कशाला? मी हाय न्हवं हितं. ज्याला जे इचारायचं ते मला इचारा. बोळात नगा इचारू."

एकजण घसा खाकरून म्हणाला, "झालं कसं पण हे?"

"ते सोडून इचारा."

आणि खोलीत असं काही गप्प झालं की खालच्या गिरणीचा पट्टा ऐकू येऊ लागला. दुसरा प्रश्न कुणाकडंच नव्हता. एवढी माणसं जिना चढून आली होती आणि सगळ्यांकडं मिळून तेवढा एकच प्रश्न होता. मला त्या पानाचा अर्थ त्या क्षणी कळला. शालनताई एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या, उत्तर न येणाऱ्या पोराकडं बघावं तसं.

मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. नातीला न्यायला आलेली असावी. "ताप येतो का गं?"

"येतो," शालनताई म्हणाल्या. आणि त्यांचा तो मोठा आवाज पहिल्यांदा फाटला. "तिनीसांजंला येतो, आजी."

म्हातारीनं मान हलवली. बाकीचे खाली बघत एकेक करून उतरून गेले.

आप्पांनी दोन्ही हात जोडले. डोळे भरले होते. "मॅडम, क्लास चालवायचाय हो मला. आणि ते पान… तेवढं पुसून टाका."

"क्लासचं बरोबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "पानाचं न्हाई."

त्यांनी पर्स उचलली. मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत चूल गार. शेजारीण उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "तुमच्या सासूबाई मिरजेला गेल्या, लेकीकडं. लेक न्यायला आली होती. त्यांना कळलं सगळं."

शालनताई भिंतीकडं बघत होत्या. तिथं चौकोनी उजळ डाग होता आणि वर खिळा. फोटो नव्हता.

"फोटूबी नेला," त्या म्हणाल्या. ह्या बाईला धक्का बसलेला मी तेवढाच एकदा पाहिला. मग पदर सोडून पुन्हा खोचत म्हणाल्या, "तिच्याच लेकाचा हुता. तिनंच न्यायचा. जावा सर, तुमी जावा घरी."

मला वाटलं, आता त्या पान पुसायला सांगतील. आठवड्याभरानं निरोप आला, विश्रामबागेत नवं सायबर कॅफे निघालंय, तिथं या. मी गेलो. त्या लाकडी कप्प्यात आधीच बसल्या होत्या. दारावरच्या मुलाला त्या कोण हे माहीत नव्हतं.

"सर, वहीत कायतरी आलंय. इंग्रजी अक्षरं हायती, पर इंग्रजी वाटत न्हाई."

मराठीच होतं, इंग्रजी अक्षरात. मी वाचून दाखवलं. "ताई, मी पण. फलटणचा आहे. घरी कुणाला माहीत नाही. तुमचं पान वाचलं."

त्या उठून उभ्या राहिल्या. कप्प्याच्या फळीला डोकं लागलं तेही त्यांना कळलं नाही. पुन्हा बसल्या. परत वाचायला लावलं. 'मी पण' ह्या शब्दांवर पडद्याला बोट लावून म्हणाल्या, "हे त्यानंच लिवलंय न्हवं? मशीननं न्हाई न्हवं?"

"त्यानंच."

"गाव खरं सांगितलं बघा त्यानं," त्या म्हणाल्या, आणि मग ढसाढसा रडल्या. सांगलीनं हाकललं तेव्हा आलं नव्हतं ते पाणी फलटणच्या अनोळखी पोरासाठी आलं. कॅफेतला मुलगा घाबरून बघायला आला.

थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी स्वतःच इंग्रजी अक्षरं शोधत शोधत उत्तर लिहिलं. टायपिंग शिकवणारी बाई, पण त्या दिवशी एका बोटानं टाइप करत होती. उत्तर एवढंच होतं: "जेवलास का?"

त्यानंतर वही भरत गेली. रहिमतपूरहून एक, दुबईहून एक, पुण्यातली दोन भावंडं. काही जण शिव्या लिहीत. त्यांनाही त्या उत्तर देत. एकाला लिहिलं होतं, "राग आला तरी वाचलंत, आभारी आहे." माझ्या अंगावर काटा यायचा. सांगली-सातारा पट्ट्यात एवढी माणसं आपापल्या घरात तोंड मिटून बसली होती, आणि आम्ही त्याच रस्त्यांवरून भाजी आणत होतो.

काही महिन्यांनी त्या साताऱ्याला राहायला गेल्या. दवाखाना जवळ, आणि येणारी माणसं तिकडचीच जास्त. मी पुण्यात नोकरी धरली. त्या वारल्या तेव्हा मला कळवणारं कुणी नव्हतं. बऱ्याच काळानं आप्पांच्या बोलण्यातून समजलं. तोवर ह्या रोगावरची औषधं सामान्य माणसाच्या आवाक्यात आली नव्हती.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या साताऱ्यातच. एका लग्नासाठी गेलो होतो, तेव्हा पत्ता शोधत त्यांच्याकडं गेलो. उताराच्या गल्लीत एक खोली. त्या पार वाळल्या होत्या, हाडं तेवढी पूर्वीसारखी रुंद. पण आवाज तोच. तासभर बसलो. निघालो तशा मला पोचवायला म्हणून काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या आणि दम लागून एका ओट्यावर टेकल्या. मी चार पावलं पुढं गेलो असेन.

समोरून एक तरुण बाई येत होती. खेड्यातली असावी. नाकापर्यंत पदर, हातात पिशवी. तिनं मला अडवलं, आजूबाजूला बघितलं, आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, "दादा, हितं त्या… कॉम्प्युटरवर लिवणाऱ्या बाई कुटं ऱ्हात्यात?"

मी काही बोलायच्या आत माझ्या मागून आवाज आला. गल्लीतल्या खिडक्यांना ऐकू जाईल असा.

"शालन जगदाळे! मीच ती. ये की!"

ती बाई दचकून दोन पावलं मागं सरकली. वर एका गॅलरीत वाळत घातलेलं उचलणारी बाई थांबून बघायला लागली. पदरातली बाई एकदा तिकडं बघे, एकदा ओट्याकडं. मला वाटलं, ही आता पळणार.

शालनताईंनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.

"मला उटव गं," त्या म्हणाल्या. "माझं मला उटता येत न्हाई."

पिशवी खाली ठेवून ती पुढं गेली. दोन्ही हातांनी तिनं त्यांना धरून उभं केलं. उठवताना तिचा पदर खांद्यावर घसरला, आणि तो सावरायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.